खिडकीकडे सरकवलेली कॉट

कासारवाडी, १५ जुलै १९७९

चि. प्रभा,

तुला आणि तुझ्या आईला जयभीम. मी मजेत आहे, खोकलाही बराच कमी आहे.

डॉक्टरीला तुला पुण्यात अन् औरंगाबादेत, दोन्हीकडे घेतलं हे कंपनीत कळलं. आता जेवणाच्या सुट्टीत लोक मलाच दुखणी सांगतात!

कुठं जाऊ, असं तू विचारलंस, म्हणून गेल्या रविवारी इथून लोकलने जाऊन पुण्याचं कॉलेज बघून आलो. शिपायाने एका खोलीत डोकावू दिलं. आत माणसाच्या हाडांचा सांगाडा टांगलेला. मी भ्यालो नाही, त्याचा गुडघाच बघत राहिलो. आमच्या मशिनला रोज तेल द्यावं लागतं, मग या सांध्याला जन्मभर तेल कोण देतं गं? आणि तो माणूस कोण असेल? घरच्यांना ठाऊक असेल का, तो तिथं उभा आहे ते? शिपायाला विचारलं, तर तो नुसता हसला. तू शिकलीस की मला सांग.

माझं मत विचारशील तर औरंगाबाद घे. आई जवळ राहील. तिची चक्कर थांबली का? खरं लिही.

इथं राहायची अडचणच आहे. खोलीत कॉट एक, माणसं दोन. कोंडीराम शिफ्टला गेला की मी झोपतो, मी गेलो की तो.

परवा त्याला दुसरीकडे सोय बघायला सांगितली. त्याला तसंही जायचंच होतं. कॉट खिडकीकडे सरकवलीय, तिथं वाचायला उजेड चांगला येतो. मला काय, जमिनीवरच झोप छान लागते.

हे आपलं सहज लिहिलं. तू औरंगाबादच घे.

तुझा बाप,
साहेबराव