दलदलीच्या वाटेवरचं घड्याळ

३ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री उन्हाळी वेळ संपली आणि सरकारने माझा एक तास परत केला. मार्चमध्ये घड्याळं पुढे करायला लावून, न विचारता नेला होता, आता न विचारता दारात आणून टाकला — आठ महिने वापरून, कडा झिजवून! ना दिलगिरी, ना व्याज. घरात सात घड्याळं. शेगडीवरच्या घड्याळाची कळ कुठली, हे दर नोव्हेंबरात मी नव्याने शिकते. गाडीतल्या घड्याळाला तर हात लावणंच सोडून दिलंय. ते वर्षातले आठ महिने बरोबर असतं. याहून कमी काळ बरोबर असणारी माणसं आमच्या नगरसभेवर निवडून येतात.

मांजराने जुन्याच वेळेला जेवण मागितलं. बरोबर आहे त्याचं.

दर वर्षी या सकाळी शेजारून रेइनोचा फोन यायचा: "हेल्मी, जंगलातली घड्याळं कोण मागे करणार? अस्वलं?" मग अर्धा तास भांडण. गेल्या वर्षी याच महिन्यात रेइनो जंगलात गेला आणि आला नाही. तरी आज कॉफी दोनदा गार होईपर्यंत फोनजवळ बसले होते. का, ते लिहायची गरज नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

चर्चच्या तळघरात प्राणिगणना मंडळाची बैठक. मंडळ म्हणजे पाच माणसं, जंगलात झाडांना बांधलेले चार कॅमेरे, एक कॉफीचं भांडं. हरणं, लांडगे, कोल्हे मोजायचे आणि वसंतात आकडे वर पाठवायचे. अध्यक्ष ट्रेव्हॅरो. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण शिक्का मारायची सवय निवृत्त झाली नाही. त्यांनी गंभीर चेहऱ्याने दीड वर्षापूर्वीचा ठराव पुन्हा वाचून दाखवला: उन्हाळी वेळ आली काय, गेली काय, कॅमेऱ्यांच्या घड्याळांना कुणीही हात लावायचा नाही. हरणांना उन्हाळी वेळ कळत नाही. बारा महिने एकच वेळ, हिवाळ्याची.

त्या एप्रिलच्या बैठकीत विरोधी मत एकच होतं. रेइनोचं. जंगलात जाणारा माणूस मनगटावरचं घड्याळ बघून जातो, तेव्हा कॅमेऱ्याने माणसाबरोबर राहावं, असं त्याचं म्हणणं. आम्ही हसलो, हात वर केले, हरवलं त्याला. तो टोपी घालून उठला आणि म्हणाला, "झालं. या घटकेपासून मी घड्याळांना हात लावणार नाही. मेलो तरी नाही."

ट्रेव्हॅरोंनी शेवटचं वाक्य आज वाचलं नाही. सगळ्यांनी ते ऐकलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दोन कॅमेऱ्यांची कार्डं काढून आणली. एक लेम्पीच्या सौनामागून, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरामागून, निघणाऱ्या दलदलीच्या वाटेवरचा, दुसरा तिथून अर्ध्या तासावर, बीव्हर प्राण्यांनी ओढ्यावर घातलेल्या बंधाऱ्यावरचा. कार्ड काढायचं, नवं घालायचं, झाकण लावायचं. कॅमेरे सौर पट्टीवर चालतात, आतला छोटा पडदा कुणी बघत नाही.

दुपारी कार्डं घेऊन लेम्पीकडे. ती चौऱ्याहत्तरची, रेइनोची बायको. विधवा म्हणायची परवानगी तिने अजून कुणाला दिलेली नाही. वेलचीचा पाव कापून ठेवलेला. मी फोटो पुढे सरकवत गेले — हरीण, हरीण, ससा, ट्रेव्हॅरोंची मागची बाजू. मग ते आले.

दर शनिवारी येतात. गेल्या ख्रिसमसनंतर सुरू झाले. रिकामे फोटो. समोर काही हलल्याशिवाय कॅमेरा फोटो काढत नाही, आणि फोटोत काहीच नसतं. वाट, झाडं, पाऊल न उमटलेला बर्फ. आधी बंधाऱ्यावर एक, पाच वीस. अर्ध्या तासाने दलदलीच्या वाटेवर एक, पाच पन्नास. मंडळाचं मत: फांदी, वारा, जुना कॅमेरा. वाऱ्याला शनिवार कसा कळतो, हे मंडळाने नोंदवलेलं नाही.

गेल्या वर्षी रेइनोचे शेवटचे दोन फोटोही याच वेळांचे होते. बंधारा, पाच वीस. वाट, पाच पन्नास. नारिंगी टोपी आणि खांद्याचा तुकडा, चौकटीच्या कडेला. तोंड कुठल्या बाजूला ते कळत नाही. सगळ्यांनी मानलं की परत येताना घरापासून दोन हाकांवर तो दलदलीत शिरला. तीन आठवडे काठ्यांनी चिखल ढवळला. टोपीसुद्धा मिळाली नाही.

लेम्पी बोटाने दोन्ही फोटोंवरची वेळ दाखवते, दर वेळी, त्याच क्रमाने. "बंधारा. मग वाट. मग सौना. येतो तो, पोरी. दर शनिवारी येतो."

म्हणून ती दर शनिवारी सौना तापवते. आम्ही दोघी बसतो, दगडांवर पाणी टाकतो, घामाघूम होऊन बाहेर येतो. मग शेवटची वाफ सोडून द्यायची. बादलीत गरम पाणी, अंगावर झोडायला बर्चच्या डहाळ्यांची जुडी ठेवायची, आणि दार लोटून घ्यायचं. आम्हा फिन लोकांकडे जुनी रीत आहे. शेवटची वाफ न दिसणाऱ्यांची. माझी आजी करायची, मी त्यावर दोन विनोदी लेख लिहिलेत.

आज दार लोटताना मी आत पाहिलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

सौनात दगडांवर पाणी टाकायचं रेइनोचं ओगराळं अजून माझ्याकडे आहे. तांब्याचं, लांब दांड्याचं, त्याने स्वतः ठोकलेलं. दोन वर्षांपूर्वी माझं मोडलं म्हणून उसनं आणलं. कुंपणावरून रोजचं ठरलेलं: "हेल्मी, ओगराळं." मी म्हणायची, "उद्या." आता लेम्पी डब्याने पाणी टाकते. मागत नाही. मागत नाही हेच वाईट.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

लेखासाठी एखादं मजेशीर हरीण शोधत बसले होते. शनिवारचे दोन रिकामे फोटो शेजारी-शेजारी उघडे राहिले. उठून चहा ठेवला, परत आले, आणि दारातूनच दिसलं. लांबून. आकडे वाचता येत नव्हते म्हणूनच दिसलं.

बंधाऱ्यावरचा फोटो संध्याकाळचा आहे. राखाडी, सूर्य गेलेला. वाटेवरचा त्यानंतर अर्ध्या तासाचा — आणि त्यात ऊन आहे! बर्चच्या खोडावर तिरपं, पिवळं ऊन.

गेल्या वर्षीचे काढले. रेइनोचे. तेच. बंधाऱ्यावर अंधारतंय. वाटेवर, 'नंतर', त्याच्या टोपीवर ऊन.

शेरीफचे दोन सहायक, आमचं अख्खं मंडळ, वर्तमानपत्र (म्हणजे मी) — सगळ्यांनी आकडे वाचले. उजेड कुणी पाहिला नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

गेले. वाटेवरच्या कॅमेऱ्याचं झाकण उघडून पडदा पाहिला. माझ्या मनगटावर अकरा दहा. त्याच्यात बारा दहा.

एक तास पुढे. उन्हाळी वेळ.

उभ्या-उभ्या सगळं कळलं. त्या वर्षी रेइनोने मार्चमध्येच या कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे केलं होतं, नेहमीसारखं. एवढ्या एकाचंच, बाकीचे सवडीने करणार असेल. मग एप्रिलमध्ये आम्ही ठराव केला: हात लावायचा नाही. आणि त्याने लावला नाही. पुढे केलेलं मागे घ्यायलाही नाही! आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. असा शब्द पाळायला फिनच लागतो — तोही चिडलेला.

म्हणजे वाटेवर तो पाच पन्नासला नव्हताच. चार पन्नासला होता. आधी वाट, मग बंधारा. परत येत नव्हता, जात होता. दलदलीचा प्रश्नच नाही. बंधाऱ्यापलीकडे काय आहे ते इथलं शाळेतलं मूलही सांगेल. खाणीचं जुनं भोक आणि त्याभोवती गंजलेली तार.

आणि शनिवारचे फोटो. तेही उलटे. लेम्पीच्या सौनामागून सुरू, बंधाऱ्याकडे. दर शनिवारी जे काही आहे, ते घरी येत नाही. घरापासून निघतं आणि तिकडे जातं. पुन्हा-पुन्हा. वाट दाखवावी तसं.

कॅमेऱ्याची कळ दाबून तास मागे करायला अर्धं मिनिट लागलं असतं. हातमोजा काढला होता. परत घातला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

घड्याळ बरोबर केलं तर तो सापडेल. घड्याळ बरोबर केलं तर तो यायचा थांबेल. चार तास लेख लिहायला बसले, विषय: सणाला भाजायची टर्की.

१६ नोव्हेंबर, शनिवार

शिकारीचा मोसम उघडलाय, सकाळपासून दूरवर बार ऐकू येतात. लेम्पीकडे गेले ते सौनाच्या आधी. मांस-बटाट्याची पेस्टी ताटात वाढली होती, मी काट्याने नुसती फोडत बसले. मग एका दमात सगळं सांगितलं. ऊन, अंधार, तास.

तिने पावाचे कण टेबलावरून तळहातात गोळा केले. मग म्हणाली, "घड्याळ पुढे आहे, मला ठाऊक आहे."

मी काटा खाली ठेवला.

"तो इथंच बसून हसायचा, पोरी, अख्खा उन्हाळा. म्हणायचा, ठराव केलाय ना शहाण्यांनी, मग राहू दे चुकीचं कयामतपर्यंत." तो हरवला त्या पहिल्या आठवड्यांत तिला यातलं काही आठवलं नाही, असं ती म्हणाली. डोकंच नव्हतं जागेवर. ख्रिसमसनंतर रिकामे फोटो यायला लागले तेव्हा आठवलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुम्ही जाऊन काढला असता." तिने कण शेगडीत टाकले. "जो सापडतो त्याच्यासाठी सौना कोण तापवतं?"

दोघी खिडकीतून वाटेकडे बघू लागलो. ऊन होतं. बर्चच्या खोडावर, तिरपं, पिवळं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. बाहेर काही हललं नाही. पण त्यांचं म्हातारं कुत्रं चटईवरून उठलं, मागच्या दाराशी गेलं, आणि शेपटी हलवत उभं राहिलं. मग शेपटी थांबली. कुणी निघून गेल्यावर थांबते तशी.

"बघ," लेम्पी म्हणाली. "मलाही कळतं कुठल्या बाजूला जातो ते. मी फक्त आकडे वाचत होते." मग पदरचं काही देऊन टाकावं तसा फोन माझ्यासमोर सरकवला. "थंडी आहे तिथं खाली. कर फोन."

१८ नोव्हेंबर, सोमवार

सापडला. तारेच्या आत, फार खोल नाही. नारिंगी टोपी डोक्यावरच होती. कडा ढासळली असावी. डॉक्टर म्हणाले, पडताक्षणी गेला. लेम्पीने ते दोनदा म्हणवून घेतलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दफन. ट्रेव्हॅरोंनी शवपेटीपाशी टोपी काढली आणि मला हळूच विचारलं, "हेल्मीबाई, तो ठराव रद्द करायला बैठक लागेल ना?" त्यांचे डोळे लाल होते, म्हणून मी टोमणा गिळला.

संध्याकाळी लेम्पीने सौना तापवला नाही. धुरांडं गार. वर्षात पहिल्यांदा.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ठराव मोडला. वाटेवरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ एक तास मागे केलं, स्वतःच्या हाताने. मग बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊन तिथलंही तपासलं. आता दोन्ही मिनिटाला मिनिट बरोबर. रेइनो, तू जिंकलास. लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हटलं नसतं.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळी कार्डं आणली. गेल्या शनिवारचे दोन फोटो, रिकामे.

बंधारा, पाच वीस. मावळतीचा राखाडी उजेड.

वाट, पाच पन्नास. मिट्ट काळोख. आधी बंधारा, मग वाट — या वेळी उजेडही तेच सांगतो.

लेम्पीला दाखवले नाहीत. तिच्याकडे गेले तर धुरांड्यातून धूर निघत होता. काही विचारलं नाही. आमचं झाल्यावर गरम पाण्याची बादली ठेवली, जुडी ठेवली, ओगराळं त्याच्या खिळ्याला टांगलं, आणि दार लोटून घेतलं.