दुर्गाबाईंची बरगडी

अमरावती,
बुधवार, १२ फेब्रुवारी १९४१

प्रिय तारा,

मोरोपंतांचं कार्ड आज मिळालं. शनिवारी अकोल्यात तुझं ऑपरेशन, डावं मूत्रपिंड काढणार. तुझ्या यजमानांनी माझे आभारही मानलेत, फोटो फार स्पष्ट निघाले म्हणून.

लहानपणी साधा काटा काढायचा म्हटलं तरी घर डोक्यावर घेणारी तू, गेल्या आठवड्यात एक्स-रेच्या टेबलावर उताणी पडून खुशाल हसत होतीस. दंडात औषध टोचलं तरी हूं की चूं नाही. ते औषध रक्तातून मूत्रपिंडात उतरतं आणि फिल्मवर पांढरं दिसतं. जे मूत्रपिंड काम करत नाही ते दिसतच नाही. एवढं तुला तेव्हा सांगितलं होतं. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलासुद्धा नाही.

गेल्या वर्षी तेल्हाऱ्याच्या दुर्गाबाई आल्या होत्या. "मले उताणी नोका निजवू, भाऊ, मले लाज वाटते," म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून पालथ्या झाल्या. अशा बाया आमच्याकडे बऱ्याच येतात, मी हट्ट करत नाही. मात्र माणूस पालथा असला की उजवी बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर टेबलाच्या दुसऱ्या कडेला ठेवावं लागतं. मी सवयीने नेहमीच्या कडेला ठेवलं. डॉक्टरांनी फोटोवर विसंबून त्यांचं चांगलं मूत्रपिंड काढलं. बाईंना लघवीच झाली नाही, नवव्या दिवशी गेल्या. सगळ्यांनी नशिबाला बोल लावला आणि मी गप्प बसलो. भेकड आहे मी, तारा.

तुझी फिल्म अंधाऱ्या खोलीत धुताना आधी बरगड्या वर आल्या. शेवटची बरगडी मध्येच वाकडी. दुर्गाबाईंची अगदी तशीच होती. लहानपणी त्या बैलाच्या बंडीवरून पडल्या होत्या. माझे डोळे थकले असतील असं म्हणून मी फिल्म वाळत घातली आणि तुझ्या तीन फिल्मपैकी दोन मोरोपंतांच्या हाती दिल्या.

आज कार्ड वाचल्यावर तिसरी खिडकीशी धरली. तीच बरगडी, तेच एकटं पांढरं मूत्रपिंड. तुझं एकही हाड कधी मोडलेलं नाही, हे मला नाही तर कुणाला ठाऊक?

तू म्हणशील, दादाने फिल्मची अदलाबदल केली. तसं असतं तर मी देवापुढे नारळ फोडला असता. दुर्गाबाईंच्या तिन्ही फिल्म मी त्या गेल्या त्याच आठवड्यात चुलीत घातल्या, माझी चूक कुणाला सापडू नये म्हणून. आज सकाळी तिवशाच्या नत्थुजींचा फोटो घेतलाय, तो धुवायची हिंमत होत नाही. त्या फोटोंवर शनिवारी तुझ्या अंगाला सुरी लावू देऊ नकोस. हे पत्र मोरोपंतांना दाखव, तिथल्या डॉक्टरांना दाखव. माझी नोकरी जाऊ दे, फौजदार दारात येऊ दे. फोटो नव्याने काढून घे, नागपूरला जा, कुठेही जा, पण माझ्याकडे येऊ नकोस. मी काढला तर पुन्हा दुर्गाबाईच येतील.

तुझाच,
दादा