तिवाट्यावरचा उतारा

माय,

मागच्या महिन्यात तुझा नातू आणि नातसून मला बालीला घेऊन गेले. समुद्राकडे नाही, वर डोंगरात, उबुद नावाच्या गावाला. तुझं जग केनवडहून निघून रिसोडच्या बाजारात संपायचं, तेव्हा कसं सांगू? उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी धानाची शेतं, बांधावरून झुळझुळणारं पाणी आणि घरागणिक एक देऊळ. देवळात शिरताना बाया-माणसं सगळ्यांनी कमरेला कापड गुंडाळायचं. माझ्या अंगावर साडी होती, तरी दारावरच्या बाईनं वरून पिवळा पट्टा बांधलाच. हवा अशी दमट की धुतलेलं पोलकं दोन दिवस वाळलं नाही.

पण तुला सांगायचंय ते पहिल्या सकाळचं. खोलीचं दार उघडलं, तर पायरीवर पानाचा चौकोनी द्रोण. आत फुलं, चिमूटभर भात, एक बिस्कीट आणि धूर सोडणारी उदबत्ती. सून मागून येत होती, तिला मी हात आडवा घालून थांबवलं आणि स्वतः बाजूच्या ओल्या गवतातून वळसा घेतला. "काहून थांबली वं आई?" मुलानं विचारलं. मी म्हटलं, "उतारा हाय तो. ओलांडू नको." तो हसत सुटला. वाशीमच्या शाळेत तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवणारी बाई गवतात उभी होती, पायात भिजलेली चप्पल. झाडझूड करणाऱ्या बाईला सुनेनं विचारलं, तेव्हा कळलं की तिथे घरोघरी रोज असे द्रोण ठेवतात. वरचे देवांसाठी, जमिनीवरचे खालच्या भुताखेतांसाठी, म्हणजे तेही उपाशी राहत नाहीत आणि कुणाला त्रास देत नाहीत. मी मान हलवली, पण दिवसभर द्रोण दिसला की पाय आपोआप बाजूला पडायचे.

आणि दिवसभर तूच आठवत राहिलीस. मी अकोल्याला बी.एस्सी.ला होते. टायफॉइडमधून उठून हुरड्याच्या दिवसांत घरी आले होते, अंगावर नुसती हाडं. वसतिगृहातल्या दोन मैत्रिणी भेटायला आल्या होत्या. सकाळी आम्ही तिघी शेताकडे निघालो, तर तीन वाटा मिळतात तिथे द्रोण ठेवलेला, त्यात भात आणि कुंकू लावलेलं लिंबू. एकीनं विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "अडाणी लोकांचे धंदे," आणि लाथ मारली. द्रोण नालीत गेला, लिंबू रस्त्यावर घरंगळलं. वळून पाहते तर तू, डोक्यावर कडब्याची पेंढी. तू लिंबाकडे पाहिलंस, मग माझ्या पायांकडे. "आंधी पाय धुऊन ये," म्हणालीस, "मंग पोरीईले हुरडा खाऊ घाल." शेतात तू मैत्रिणींना आग्रह करकरून खाऊ घातलंस, तिळाची चटणी बांधून दिलीस. मला मात्र ते चार शब्द झोंबले. माझ्या मैत्रिणींसमोर तू मला बाटलेली ठरवलंस, असं वाटलं. त्या रागात मी दोन महिने पत्र पाठवलं नाही, आणि त्यानंतरही आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही.

उबुदला शेवटच्या संध्याकाळी आम्ही नाच पाहिला. अंगणात मधोमध दिवा, भोवती उघड्या अंगाची पन्नासेक माणसं एका तालात ओरडताहेत. भजनी मंडळाला झांजा द्यायचं कुणी विसरलं असावं, असं मला वाटलं. बाहेर आलो तर गल्लीभर दिवे, गिटारी, हातात ग्लास घेतलेली गोरी पोरं. तू असतीस तर पदर नाकाला लावला असतास, आणि पाहिलं मात्र सगळं असतंस. एका दुकानासमोर गर्दीत सुनेचा पाय द्रोणावर पडला. फुलं चेंगरली, भात तिच्या पायाच्या बोटांना चिकटला. आणि माझ्या तोंडून निघालं, "आंधी पाय धुऊन ये."

आवाज माझा नव्हता, माय, तुझा होता. सून चपापली. तिच्या चेहऱ्यावर मला अकोल्याची ती पोर दिसली, अपमान झालेली. पण मी रागावलेच नव्हते. त्या भातातलं काही तिला लागू नये, एवढीच माझी धडपड होती. पाण्याची बाटली उघडून मी भर गल्लीत खाली बसले आणि तिचे पाय धुतले. ती "आई, काय हे," म्हणत राहिली, आणि मी रडत होते.

पाय धुऊन ये, हे तू माझ्यासाठी म्हणाली होतीस. हे कळायला मला तुझ्या वयाची व्हावं लागलं.

हे पत्र मी जुन्या प्रयोगवहीत ठेवून देईन, तुझा पत्ता कुठला आता. फक्त एक राहिलं. तो उतारा कुणाचा ते मला ठाऊक नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. भाताखालून माझ्या निळ्या ओढणीची चिंधी डोकावत होती. लाथ मारायच्या आधीच मी ती ओळखली होती.