रूथमामींच्या क्रुसावरचा शब्द

२४ ऑक्टो. '९९, दौंड
केडगावचे योनासमामा माझ्या पाट्यांच्या दुकानात आले. रेल्वेतून रिटायर. रूथमामी पावसाळ्यात गेल्या. नोव्हेंबरात त्यांच्या ख्रिस्ती लोकांत कबरी साफ करून रंगवतात. क्रुसावर नावाखाली इंग्रजीत 'इटर्निटी' पाहिजे. "कधी न संपणारं, आसं पाद्रीसाहेब म्हंत्यात."
मी म्हटलं, "मामा, न संपणारं काही नसतं. बुद्धानं सांगून ठेवलंय."
मामा उठलेच. "तुला पटत नसंल तर ऱ्हाऊ दे. दुसरा पेंटर बगतो."
चहा तसाच.

२५ ऑक्टो.
सौ. : "एक शब्द लिवायचा तर येवढं भाषण! माणसाची बायको गेलीया." बरोबर आहे. पण अर्थ कळल्याशिवाय मी 'नो पार्किंग'सुद्धा लिहीत नाही. शाळा सातवी. इंग्रजी सगळं कोशातून. माझ्या एका तरी पाटीत स्पेलिंगची चूक दाखवा.

२८ ऑक्टो., शिरूर
मार्केट यार्डात आडतीची पाटी. दुपारी वाचनालयातला जाड कोश काढला. इटर्निटी. मागे लॅटिन शब्द, अर्थ आयुष्य, युग. त्याच्याही मागे फार जुनं मूळ, जगण्याचा जोम. आणि त्याच मुळाचं संस्कृत : आयुस्.
म्हणजे आपलं आयुष्य!
पुन्हा वाचलं. अंगावर काटा. न संपणारं मोजायला माणसानं घेतलं काय, तर स्वतःचं संपणारं. दुसरं माप जवळ नव्हतंच.
"काका, बंद करायचंय," ग्रंथपालबाई.
परतीच्या एस.टी.त शेजारची म्हातारी पेंगत होती. तिच्याकडे बघतच राहिलो. हिच्यातही तोच जोम...

३० ऑक्टो., केडगाव
मामांकडे स्वतः गेलो. सगळं सांगितलं.
"म्हंजी रूथचं आयुष्य आन् ते न संपणारं, एकाच घरातलं?"
"व्हय मामा. सख्खी भावंडं."
हसले. "ती आसती तर म्हणाली आसती, पेंटरला आदी जेवाय वाढा." मग, "आन् माजं उरलंय, त्याचं काय करू?"
हे काही कोशात नाही. बुद्धाचं भाषण बाजूला ठेवून मी त्यांच्याजवळ सरकून बसलो.
म्हणाले, "सोमवारी ये. तूच लिव."

१ नोव्हें., केडगाव
क्रुसाला पांढरा हात मारला. वाळल्यावर काळ्यात नाव. त्याखाली पेन्सिलीनं ओळ आखली, अक्षरं मोजून बसवली. मामा कबरीवरचं गवत उपटत होते.
"मामा, लिहू?"
"थांब जरा. लिवलं की उठावं लागंल."
थांबलो. ब्रश टर्पेंटाईनमध्ये ठेवला आणि मीही गवत उपटायला बसलो.