लोकलमधली परकी ऊब

आदरणीय बोर्गहिल्डताई,

नमस्कार. तुझा गुडघा आणि तुझ्या कोंबड्या ठणठणीत असतील असं धरून चालतो. मी ठणठणीत नाही. लोकलमध्ये मला मिळालेली जागा आधीच कुणीतरी बसून गरम करून ठेवलेली होती. ताई, माझ्या गाडीत आसन तापवायचं बटण आहे. ती ऊब माझी स्वतःची, खाजगी असते. परक्या माणसाच्या उबेवर आमच्या स्की गावापासून ऑस्लोपर्यंत अर्धा तास बसणं म्हणजे काय, हे तुला तिकडे खोऱ्यात राहून कळायचं नाही.

ओड्वारदाजींना शुश्रूषागृहात ठेवल्यापासून आणि तुमच्याकडची बस बंद झाल्यापासून तू त्यांना आठवड्यातून एकदाच, तेही दुधाच्या ट्रकमधून जाऊन भेटतेस, हे तू मला चार वेळा कळवलंस. "तुझ्या दारात लोकल आहे, गाडी मला दे," हे पाच वेळा. आठवडाभर लोकल करून बघतो, मग उत्तर देतो, असं मी म्हणालो होतो (नकाराची तयारी म्हणूनच). हा घे अहवाल.

सोमवारी मी फलाटावर धावत येत असताना, हात केला तरी लोकल थांबली नाही. मंगळवारी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून झालं. देशाची परिस्थिती इतकी वाईट आहे हे स्टिअरिंगमागे कधी जाणवलं नव्हतं. पण खरा घात बुधवारी संध्याकाळी परतताना झाला. खिडकीशी एक बाई, शेजारी मी. कोल्बोत्न स्टेशन जवळ आलं तशी ती पिशवी खुळखुळवू लागली. मला वाटलं, बिचारीला भूक लागली असावी. दुपारचा उरलेला तपकिरी चीजचा पाव पुढे केला. तिने निमूटपणे खाल्ला. मग हातमोजे चढवले, पुन्हा पिशवी खुळखुळवली. मी दुसरा पाव दिला. तोही खाल्ला. अशी खात खात ती माझ्याबरोबर थेट शेवटच्या स्टेशनावर, स्कीला पोचली.

"अहो, मला कोल्बोत्नला उतरायचं होतं," ती फलाटावर म्हणाली.

"मग उठा म्हणायचं ना, बाई!"

"अनोळखी माणसाला?" ती अशी दचकली की जणू मी तिला गाणं म्हणायला सांगितलं. "पिशवी वाजवली की शेजाऱ्याने उठायचं असतं. सगळ्यांना माहीत असतं ते!"

(सगळ्यांना, म्हणजे गाडीवाले सोडून.) तिची परतीची लोकल येईपर्यंत उणे नऊ अंशांत मी शरमेने तिच्याजवळ उभा राहिलो. तिने थर्मासमधली कॉफी दिली. नाव मी विचारलं नाही. इतका काही मी बिघडलेलो नाही.

तात्पर्य, ही लोकल म्हणजे सभ्य माणसाचा छळ आहे.

तुझा त्रासलेला भाऊ,
टोरलाइफ

ता. क. शनिवारी गाडी घेऊन येतो. परतताना मला स्टेशनवर सोड आणि पाव बांधून दे. चीज जरा जास्त घाल, हल्ली दोघांना लागतं. (काल तिने नुसता हातमोजा उचलला आणि मी उठून उभा राहिलो. तिने पसंतीने मान डोलावली.)

आणखी ता. क. दुसरीत माझा पाय मोडला तेव्हा अख्खा हिवाळा तू मला घसरगाडीवर बसवून शाळेत ओढत नेलंस. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. गाडीची दुसरी किल्ली या पाकिटात ठेवली आहे. आसन तापवायचं बटण डावीकडे आहे.