धायटी आणि तांब्या

१५ मार्च, लातूर

धायटी फुलली, आणि मला हसू आवरत नाही. डोंगरातल्या खडकात वाढणारं हे झुडूप अंगणात लावलं तेव्हापासून पिवळंच पडत होतं. आम्हा लातूरकरांचा पाणी फेकायला हात होतो का? मी तांदूळ धुतलेलं ओतायची, आमचे हे बाटलीतलं, सासूबाई तांब्यातलं उरलेलं. कुणी कुणाला सांगायचं नाही. मग भाचीच्या लग्नाला मुदखेडला गेलो नि महिनाभर तिथंच रमलो. आज परतलो तर फांदी न् फांदी लालभडक. म्हणजे तिला पाणीच नको होतं तर.

“आपण नव्हतो तर कसं हासून राहिलं बघ,” सासूबाई म्हणाल्या.

आत्ता खिडकीतून पाहिलं, तर त्या तांब्या घेऊन धायटीपाशी उभ्या. मी ओरडणार, तोच त्यांनी उरलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.