घुमे का निघून गेले

शहागड,
दि. १४ ऑक्टोबर १९९७, मंगळवार

तीर्थस्वरूप द्वारकाआत्याबाईंच्या पायाशी धर्मराजचा नमस्कार. (दोन्ही हात जोडून करणार होतो, पण डाव्या हाताला पंक्चरचं सोल्युशन लागलंय आणि तो कागदाला चिकटून राह्यला, तेव्हा एका हाताचा गोड मानून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला थंडीच्या आधीच सुरू झाला का यंदा तरी दम धरून आहे? म्हैस व्याली असेल तर कळवावे. मी इकडे खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुम्ही-आम्ही करत इथवर आलो, पत्राला तसंच शोभतं. पण आत्या, पुढचं सांगायचं ते तुलाच सांगता येईल, तुम्हाला न्हाई. मामांना वाचून दाखवू नको.

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा मी एका दहाचाकी ट्रकच्या खाली होतो. आंध्रातला ड्रायव्हर डोक्यावर उभा राहून ‘जल्दी करो, जल्दी करो’ करत होता आणि मी त्याला दोन शब्द सुनावायच्या बेतात होतो, तेवढ्यात पोस्टमन आला. मी बाहेर येऊन तिथंच उभ्या उभ्या तुझं पत्र फोडलं. पाऊसपाणी वाचलं, नंदाबाईच्या लेकीचं बारसं वाचलं, आणि मंग ती ओळ आली: ‘पुढची खोली नव्या बाईंना दिली, शाळेत लागल्यात, बेबीनंदा नाव आहे, पोरगी गुणाची, बोलती कमी, येताना ट्रंकभर पुस्तकं घेऊन आली.’ आत्या, माझ्या हातातली चाक खोलायची लोखंडी टामी सुटली ती माझ्याच पायावर पडली. ड्रायव्हरला वाटलं ट्रक खचला, तो ओरडत रस्त्यापलीकडं पळाला. आमचे मालक कडूबाशेठ दुकानातून बाहेर आले, माझ्याकडं बघितलं, पत्राकडं बघितलं आणि म्हणाले, ‘कोण मेलं रे?’ मी म्हटलं, कोणी न्हाई. ‘मंग लगीन ठरलं वाटतं कुणाचं तरी. तोंड बराबर तसंच झालंय.’

त्या नव्या बाईंचं लगीन ठरलं असतं तर तू कळवलंच असतंस. तसं काही न्हाई ना? (असेल तर हे पत्र इथंच बंद करून चुलीत घाल.)

तुला वाटत असेल, मी जालन्याचं कॉलेज सोडलं ते प्रिन्सिपॉलशी भांडण झालं म्हणून. बाबांनी आपल्या गावात, टेंभुर्णीभर तसंच सांगितलंय, आणि मीही तसंच सांगू दिलं, कारण खरं सांगितलं असतं तर टेंभुर्णीत कुणी माझ्याशी बोललं नसतं. खरं असं आहे की मी काही जनावरांवरून कॉलेज सोडलं, आणि ती जनावरं या जगात न्हाईत.

‘सात खिंडींचा मुलूख’ नावाची एक मोठी कादंबरी आहे, तिचे सात भाग आहेत. राजे, युवराज, जादूचे दगड, बर्फाचे डोंगर असं सगळं तिच्यात आहे आणि घुमे नावाची जनावरं आहेत. घुमा म्हणजे बैलाएवढा, खांदे तरसासारखे उचललेले, अंगभर दाट केस, आणि बोलायला आलं की नुसता घशातून घुमतो, म्हणून घुमा. पहिल्या भागात लेखकानं त्यांचं फार वाईट केलंय. घाण वास, बारीक डोळे, अकलेनं शून्य. कळप येतो, गाव तुडवतो, युवराज एका पानात चाळीस घुमे मारतो आणि पुढच्या पानावर आरामात जेवायला बसतो. मी चिडून पुस्तक दोनदा मिटलं. दुसऱ्या भागात एक जखमी घुमा त्याच युवराजाला पाठीवर घालून बर्फातली खिंड ओलांडून आणतो, आणि किल्ल्याचं दार आलं की आत न येता बाहेरच उभा राहतो. (इथं मी रडलो. हे मामांना तर अजिबात सांगू नको.) तिसऱ्यात लेखक त्यांना ‘इमानी’ म्हणायला लागतो आणि त्यांच्या पाठीवर तोफा लादतो. चौथ्यात राणी मरते तेव्हा सगळे घुमे तीन दिवस उन्हात उभे राहतात, आणि लेखक लिहितो, ‘त्यांना दुःख झाले असावे.’ असावे! अरे बाबा, तूच लिहून राह्यला ना, तुला माहीत नसणार तर कुणाला? मी त्या लेखकाला तीन पत्रं घातली. एकाचंही उत्तर न्हाई.

आता बेबीनंदावर येतो. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत एक पद्धत होती. पोरींना पुस्तक सोमवारी आणि बुधवारी मिळायचं, पोरांना मंगळवारी आणि गुरुवारी, म्हणजे काउंटरला गर्दी व्हायला नको. गर्दी म्हणजे कसली गर्दी ते ग्रंथपाल रामराव सर कधी बोलले न्हाईत, पण सगळ्यांना बराबर कळत होतं. तर या पद्धतीनं झालं असं की सोमवारी तिनं परत केलेला भाग मंगळवारी माझ्या हातात यायचा. पहिल्या भागाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘चाळीसांतल्या एकाचंही नाव का नाही?’ मी बघतच राह्यलो. सबंध कॉलेजात मला एकट्यालाच राग आलाय असं मला वाटत होतं आणि इथं हळदीचा डाग पडलेल्या पानावर दुसरं कुणीतरी चिडलेलं होतं. मी खाली बॉलपेननं उत्तर लिहिलं. पुढच्या मंगळवारी त्याखाली पेन्सिलीची एक ओळ आली. असं दीड वर्ष चाललं, आत्या. तिला मी वर्गात बघायचो, ती दुसऱ्या बाकावर, मी मागं खिडकीशी, आणि आम्ही एक शब्द बोललो न्हाई. कधी पानाला खोबरेल तेलाचा वास यायचा, कधी गहू दळून आणल्यासारखा. एकदा एक लांब केस सापडला, तो मी तसाच पानात ठेवून पुस्तक परत केलं आणि सात दिवस पश्चात्ताप केला. अजून मंगळवार आला की माझ्याच्यानं काम होत न्हाई. कडूबाशेठ म्हणतात, सोमवारपर्यंत माणूस असतोस, मंगळवारी तुझ्यातच पंक्चर होतं.

पाचव्या भागात घुमे निघून जातात. भर दुपारी, तोफा खाली टाकून, एका ओळीत, सगळे, मागं न बघता. का जातात ते लेखक सांगत न्हाई. युवराज त्यांना कृतघ्न म्हणतो. मी समासात अडीच पानं भरून लिहिलं की घुम्यांचा अपमान झाला, त्यांना मान पाहिजे होता, घुमा मरेल पण वाकणार न्हाई, आणि मी घुमा असतो तर युवराजाला आधी तुडवला असता. खाली पेन्सिलीनं एवढंच आलं: ‘त्यांना कुणी विचारलं का?’

मला वाटलं, ही युवराजाला बोलती. मी खाली ‘बिलकुल बरोबर!’ लिहून दोन रेघा मारल्या.

मंग गॅदरिंग आलं. वाङ्मय मंडळानं वादविवाद ठेवला, विषय ‘घुमे कृतघ्न आहेत’. (रामराव सरांनी सुचवला, त्यांनी समास वाचले होते असा मला आता संशय आहे.) बाजूनं बोलायला परतूरचा संपत, विरुद्ध बोलायला बेबीनंदा. तिनं चार पानं लिहून आणली होती. तिचे वडील, नाव कारभारी, जन्मात कधी कॉलेजची पायरी चढले न्हाईत, ते पांढरं धोतर नेसून पुढच्या रांगेत बसले होते, लेक बोलणार म्हणून. आधी संपत उठला. बोलता बोलता त्याला टाळ्या पडल्या आणि तो फुगला. म्हणाला, ‘घुमे म्हणजे काय, बायकांसारखे. बोलायचं काही न्हाई आणि एक दिवस रुसून माहेरी जायचं!’ सगळा हॉल हसला. मी बाहेर, स्टेजजवळच्या खिडकीशी उभा होतो, तिथून बेबीनंदाकडं बघितलं. ती हसत नव्हती, कागद सारखे करत होती, उठायच्या तयारीत. आणि माझं डोकं गेलं. मी खिडकीतून स्टेजवर गेलो (दारातून गेलो असतो तर दोन मिनिटं गेली असती आणि कदाचित शांत झालो असतो) आणि पाण्याचा तांब्या संपतच्या दिशेनं भिरकावला. संपत खाली बसला. तांब्या पाहुण्यांच्या फेट्यावर गेला. पाहुणे जुने शिक्षक होते, बिचारे, फेटा त्या दिवशी पहिल्यांदाच बांधलेला, तो सुटून सगळा अध्यक्षांच्या गळ्यात पडला. पोरांनी खुर्च्या वाजवल्या, कुणी दिवे घालवले, आणि कार्यक्रम तिथंच बंद झाला.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल म्हणाले, माफीनामा लिही. मी म्हटलं, एका पोरीच्या मानासाठी केलंय, माफी कसली? ते चष्मा पुसत म्हणाले, ‘तिनं सांगितलं होतं का तुला?’ मी म्हटलं, सांगायला कशाला पाहिजे, मला कळतं. आणि कॉलेजच्या फाटकातून जो बाहेर पडलो तो सरळ इथं, गोदावरीच्या पुलाशी, ट्रकच्या खाली. फार मोठं काहीतरी केलं असं वाटत होतं. वाटत होतं, ती एक दिवस येईल, एस.टी.तून उतरेल, म्हणेल, धर्मराज, तू माझ्यासाठी एवढं केलंस. दोन वर्षं प्रत्येक एस.टी.च्या खिडकीत बघून राह्यलो. औरंगाबादहून बीडला जाणाऱ्या सगळ्या कंडक्टरांना आता माझी खोड माहीत आहे. एक तर गाडी थांबली की आपणच ओरडतो, ‘न्हाई आली रे!’

आणि मंग तुझं पत्र आलं. ‘बोलती कमी.’

पाचवा भाग माझ्याकडंच आहे. (चोरला न्हाई. परत करायला गेलो असतो तर सरांनी माफीनाम्याचा कागद पुढं केला असता.) तुझं पत्र वाचलं त्या संध्याकाळी मी तो काढला, आणि यावेळी फक्त पेन्सिल वाचली. बॉलपेन सोडून दिलं. आत्या, आख्ख्या भागात तिच्या जेमतेम नऊ-दहा ओळी आहेत, आणि त्यातल्या बहुतेक मी वरून लिहून झाकल्यात. एका ठिकाणी ती लिहिती, ‘मला वाटतं की’, आणि पुढचं वाचताच येत न्हाई, कारण तिथून माझं बॉलपेन सुरू होतं: घुम्यांचा मान, घुम्यांचं रक्त, आणि काय काय. तिला काय वाटतं ते मी इतक्या वर्षांत एकदाही वाचलं न्हाई. ‘त्यांना कुणी विचारलं का’ हे तिनं युवराजाला न्हाई लिहिलं. त्या दिवशी ती उठतच होती. चार पानं हातात होती. बाप पुढं बसला होता. मी एक तांब्या फेकला आणि तिचं बोलणं त्या मुलखातल्या घुम्यांसारखं घशातच राहिलं. संपतनं निदान तिची बोलायची पाळी तरी ठेवली होती.

सहावा आणि सातवा भाग मी अजून वाचले न्हाईत. घुमे का गेले ते त्यात असेल तरी मला नको. लेखकाकडून तर नकोच.

मामांना नमस्कार. बारशाच्या लेकराला गोड पापा. गुडघ्यांना तिळाचं तेल चोळत जा, ऊन पडलं की ओट्यावर बसत जा, आणि चुकलंमाकलं पोटात घाल. मी जेवतो वेळेवर.

तुझाच भाचा,
धर्मराज

ता.क. बेबीनंदाबाईंना सहज बोलता बोलता सांग की तुझा एक भाचा शहागडला स्वतःच्या पायावर उभा आहे (टामीनं सुजलेला अंगठा सोडून), राग पुष्कळ कमी झालाय, ट्रकवाल्यांशी गोड बोलतो, आणि तिच्याबद्दल त्याच्या मनात अजून तेच आहे, आणि तिच्याही मनात असणारच.

ता.क. वरचं बिलकुल सांगू नको. खोडायला गेलो तर सोल्युशननं कागद फाटायला लागला, म्हणून तसंच राहू दिलंय. तिच्या मनात काय असणार ते मी सांगणारा कोण? तू एवढंच कर. तिला विचार, त्या दिवशीची चार पानं तिच्याकडं आहेत का. असली तर म्हणावं, तुम्हाला वाटलं तर मला वाचून दाखवा. तू ऐक. मामांनाही बसव. तिच्या वडिलांना बोलावता आलं तर फारच बरं, ते आले होते आणि तसेच परत गेले.

ता.क. पत्र पेटीत टाकायला गेलो तर पोस्टमन आत्ताच पेटी उघडून गेला होता, म्हणे आता उद्या. उद्यापर्यंत कोण थांबतं? तुमच्या अंबडची गाडी उभी होती, तिच्यात बसलो. कडूबाशेठला रस्त्यापलीकडून ओरडून सांगितलं, ते हात हलवत काय म्हणाले ते ऐकू आलं न्हाई. तेव्हा आत्या, हे पत्र तुझ्या हातात मीच देऊन राह्यलोय, आणि तू वाचत असताना मी ओट्यावर बसलेलो आहे. माझ्याकडं बघू नको, हाका मारू नको, चहा नंतर कर. आधी आत जाऊन विचार. तिनं वाचायचं म्हटलं तर खिडकी तेवढी उघडी ठेव, मी तोंड उघडणार न्हाई. आणि तिनं ‘त्याला जा म्हणावं’ असं म्हटलं, तर ते तू मला येऊन सांगू नको. तिलाच बाहेर येऊन सांगू दे.